चिमणी, माळढोक आणि लांडगा : सालिम अली यांचे जीवन



शुभवर्तमानात लांडगा आपल्याला अनेकदा भेटतो. कळपावर झडप घालणारा, मेंढराचे कातडे पांघरून येणारा, असाच तो आपल्या मनात बसला आहे. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर तो नाही. रात्री खाजणाच्या बाजूने जी ओरड ऐकू येते ती कोल्ह्यांची. पण घाट चढून पुण्याच्या पुढे, सोलापूरच्या वाटेला लागले, की उघड्या माळावर लांडगा आजही राहतो. त्या माळाला मोल आहे हे ज्या माणसांनी देशाला आवर्जून सांगितले, त्यांत एक नाव पक्षी-अभ्यासक सालिम अली यांचे आहे. त्यांच्या आयुष्याला वळण देणारे काम मात्र आपल्याच जिल्ह्यात, अलिबागच्या उत्तरेला किहिम गावी झाले. म्हणून आज त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ या.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, खेतवाडीत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वात धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भाच्यांना स्वतःच्या मुलांसारखे वाढवले. सालिमचे पहिले शिक्षण गिरगावच्या एका मिशनरी शाळेत बहिणींसोबत झाले. अभ्यासात तो बेताचाच होता. डोकेदुखीचा त्रास असल्यामुळे त्याला काही काळ हवापालटासाठी सिंधमध्येही पाठवावे लागले.

त्या काळी खात्यापित्या घरातल्या मुलाचे खेळणे म्हणजे छऱ्याची बंदूक. शिकार हा मोठ्या माणसांचा शौक होता आणि सरकारी धोरणही तसेच होते. वाघ, बिबळे, लांडगे मारणाऱ्याला इंग्रज सरकार बक्षीस देत असे. इतिहासकारांच्या हिशेबाने १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत आपल्या देशात दोन लाखांहून अधिक लांडगे अशा रीतीने मारले गेले. लांडग्याचे कातडे किंवा डोके कचेरीत नेऊन दाखवायचे आणि पैसे घ्यायचे, असा तो व्यवहार होता. या जगात सालिम लहानाचा मोठा झाला. प्राणी मारणे चूक आहे असे त्याला सांगणारे आसपास कोणी नव्हते.

साधारण दहा वर्षांचा असताना त्याने आपल्या बंदुकीने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. घरातल्या चिमणीला असा डाग नसतो. हा कुठला पक्षी, आणि तो खाणे आपल्या धर्मात चालते का, असे दोन प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामांना उत्तर माहीत नव्हते, पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. एक गोरा साहेब आपल्याला हाकलून देईल या भीतीने मुलगा बिचकतच आत गेला असणार. मिलार्ड साहेबांनी मात्र ती चिमणी हातात घेतली, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटातले पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक काढून दाखवले. वाचायला पुस्तकेही दिली. त्या दिवशी त्या मुलाला कळले, की पक्ष्याकडे पाहण्याची मारण्यापलीकडची एक रीत असते आणि तिला आयुष्य पुरत नाही.

अनेक वर्षांनी, १९८५ साली, सालिम अलींनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे इंग्रजी नाव ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, म्हणजे चिमणीचे पडणे. आपल्याला हे नाव ओळखीचे वाटायला हवे. प्रभू येशूने शिष्यांना धीर देताना बाजारात कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमणीचा दाखला दिला, तो मत्तयच्या दहाव्या अध्यायात आहे. तिथून तो शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात गेला आणि पुढे या मुसलमान पक्षीशास्त्रज्ञाच्या पुस्तकावर येऊन बसला.

तरुणपणी त्यांची वाट सरळ नव्हती. मॅट्रिकनंतर कॉलेजात मन रमेना, म्हणून ते ब्रह्मदेशात तवॉय येथे भावाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. धंदा त्यांना जमला नाही. जंगलात पाठवले की हिशेब राहायचे बाजूला आणि हे पक्षी पाहत बसायचे. १९१७ साली ते मुंबईला परतले आणि व्यापारी शिक्षण घेऊ लागले. तेव्हा त्यांची खरी ओढ ओळखली ती सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी. हे येशूसंघीय धर्मगुरू स्वित्झर्लंडहून आलेले, वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. त्यांनी जमवलेला वनस्पतींचा संग्रह आजही त्यांच्या नावाने त्या कॉलेजात आहे. त्यांच्या आग्रहामुळे सालिम अली झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकू लागले. १९१८ साली त्यांचे तहमीना बेगम यांच्याशी लग्न झाले.

पदवी मात्र त्यांच्याकडे कधीच नव्हती. सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा होती, पण पदवीअभावी ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) लोकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिन येथे प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्या हाताखाली पक्षीशास्त्राचे शिस्तबद्ध शिक्षण घेतले. १९३० साली परत आले, तर म्युझियमकडे पैसा नाही म्हणून त्यांची जागाच रद्द झालेली. वय ३३, घरात पत्नी, हातात कला आहे पण तिला गिऱ्हाईक नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत असा दिवस येऊन गेला आहे.

किहिमचा पावसाळा

मुंबईचा खर्च परवडेना, म्हणून पती-पत्नी किहिमला राहायला आले. त्या काळी किहिम म्हणजे माडांच्या वाड्या, भातखाचरे आणि समुद्र. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बहिणाबाईंच्या कवितेमुळे सुगरणीचा खोपा मराठी घराघरांत पोचला आहे, पण त्या खोप्यामागची हकिकत तेव्हा नीट कोणालाच माहीत नव्हती. सालिम अलींनी शिडीवर आडोसा बांधला आणि १९३० च्या पावसाळ्यात दिवसचे दिवस त्यात बसून काढले.

त्यांना जे दिसले ते असे. खोपा विणतो तो नर. भाताच्या किंवा गवताच्या पातीची बारीक चीर काढून आणतो आणि चोचीने गाठी घालत विणत जातो. खोपा अर्धा झाला, टोपीसारखा दिसू लागला, की माद्या पाहणीला येतात. आत शिरून ओढून-ताणून बघतात. पसंत पडला तर मादी तिथे राहते आणि नर उरलेला भाग व खाली लोंबणारी नळी पुरी करतो. नापसंत पडला तर तो खोपा तसाच अर्धवट लटकत राहतो. आपण झाडावर अपुरे खोपे पाहतो, त्यांचे कारण बहुधा हेच. मादीने अंडी घातली की नर तिथे थांबत नाही. जवळच दुसरा खोपा सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे बहुतांशी मादीवरच पडते. एका हंगामात एक नर असे एकामागून एक संसार मांडतो, हे त्यांनी रोजच्या नोंदींतून दाखवून दिले. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात हा लेख आला आणि सालिम अली हे नाव जगातल्या अभ्यासकांना माहीत झाले.

नोकरी गेलेल्या माणसाला हे सुचावे याचे मला फार अप्रूप वाटते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला शिकवले होते, की ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यावर प्रेम करता येत नाही. सालिम अलींनी तो धडा आपल्याच किनाऱ्यावर, पावसात भिजत, शिडीवर बसून गिरवला.

पायाखाली घातलेला देश

पुढे त्यांनी एक युक्ती काढली. संस्थानिकांना त्यांनी कळवले, की तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी मी करून देतो. मला पगार नको, फक्त खर्च द्या. १९३१ साली हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. मग त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. बैलगाडी, तंबू आणि कंदील असा हा संसार. तहमीनाबाई बरोबर असत. नवऱ्याचे इंग्रजी लिखाण वाचून त्यातला बोजडपणा त्या काढून टाकत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सालिम अली ४२ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. वांद्र्याच्या पाली हिलवर बहीण आणि मेव्हणे यांच्या घरी ते राहू लागले आणि उरलेले आयुष्य कामाला दिले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. चित्रांसकट साध्या भाषेत लिहिलेल्या या पुस्तकाने हजारो लोकांना पक्षी पाहायला शिकवले. १९६८ ते १९७४ या काळात अमेरिकन मित्र डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभा असे मान चालून आले. १९७६ सालीच पॉल गेटी यांच्या नावाचे ५०,००० डॉलरचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते पैसे त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकले. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी आपले वजन खर्ची घातले, आणि ते जंगल वाचले.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

आता लांडग्याकडे येऊ. जंगल वाचवा म्हटले तर लोकांना कळते. डोळ्यांपुढे उंच झाडे येतात. पण सोलापूरकडचा माळ पाहिला तर आपण म्हणतो, इथे काय आहे? सरकारी कागदावरही त्याची नोंद बहुधा पडीक अशीच होते. त्या माळावर माळढोक नावाचा पक्षी राहतो. उंची जवळजवळ एक मीटर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाऊ शकते, आणि मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. बंदुका आणि जीपगाड्या वाढल्या तसा माळढोक संपत चालला. त्याच्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत सालिम अली आघाडीवर होते. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा माळढोकाला तो मान मिळावा असे त्यांचे मत होते. त्यामुळे लोकांचे लक्ष त्याच्याकडे जाईल, हा त्यामागचा विचार. १९६३ साली मान मोराला मिळाला.

महाराष्ट्र शासनाने १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केले. उत्तर सोलापूर तालुक्यातले नान्नज हे त्याचे मुख्य ठिकाण. गवताचे काही पट्टे चराईपासून राखले गेले. सालिम अलींच्या सोसायटीचे अभ्यासक १९८० च्या दशकात तिथे मुक्काम करून माळढोकाच्या नोंदी घेऊ लागले. गवत वाढले तशी काळविटे आली, ससे आणि उंदीर आले, आणि त्यांच्या मागे लांडग्यालाही आसरा मिळाला. माळढोकासाठी राखलेल्या जागेत लांडग्याची पिल्ले वाढू लागली. एकाचे घर राखले की शेजाऱ्याचेही राखले जाते.

हा दख्खनचा लांडगा थंड देशातल्या लांडग्याहून बारीक, वजनाने वीस किलोच्या आसपास. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३१ साली त्याची शास्त्रीय नोंद केली, तीही दख्खनवरूनच. ओढ्याच्या काठावर बीळ करून तो पिल्ले वाढवतो, आणि कळपातले इतर लांडगेही पिल्लांना भरवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत माळढोक आणि लांडगा दोघेही आहेत. म्हणजे ज्या जनावराला मारल्यावर सरकार बक्षीस देत होते, त्यालाच मारल्यावर आज तुरुंग आहे. भारतात आज सुमारे तीन हजार लांडगे उरले असावेत असा अंदाज आहे. वाघांपेक्षा ही संख्या कमी आहे, पण वाघासाठी जेवढे बोलले जाते त्याच्या शतांशही लांडग्यासाठी बोलले जात नाही.

कुंपणाने काय साधते

सालिम अलींच्या आयुष्यातले एक दुःखाचे पान इथे सांगितले पाहिजे. राजस्थानातील भरतपूरचे तळे हे राजेलोकांचे शिकारीचे ठिकाण. १९३८ साली व्हाइसरॉयच्या एका शिकारीत तिथे एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. हे तळे शेतीसाठी आटवू नये, पक्ष्यांसाठी राखावे, म्हणून सालिम अली अनेक वर्षे झटले आणि ते राखले गेले. पुढे तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि गावकऱ्यांच्या म्हशींना चराई बंद केली. म्हशींमुळे तळ्याचे नुकसान होते, असे सालिम अलींसह जाणकारांचे मत होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि गावकरी मेले. त्यानंतर काय झाले? म्हशी नाहीत, त्यामुळे पाण्यातले गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांना बसायला जागा उरेना. त्यांच्याच सोसायटीने दहा वर्षे अभ्यास करून हे नोंदवले आणि चराई तळ्याच्या उपयोगाची होती असा निष्कर्ष काढला. नोंदवहीत जे दिसेल तेच लिहायचे, ही शिस्त सालिम अलींनीच त्या संस्थेला लावली होती. तिनेच त्यांचे मत खोडून काढले.

नान्नजलाही वेगळ्या रीतीने हाच प्रश्न आला. अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावेच्या गावे आणि लोकांची शेते आली. जमीन विकता येईना, बांधकाम करता येईना, म्हणून लोकांना माळढोक हा वैरी वाटू लागला. अखेर क्षेत्र कमी करून सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणावे लागले. मधल्या काळात पाणी आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. जड अंगाच्या माळढोकाला तार वेळेवर दिसत नाही आणि तो तिच्यावर आदळतो. आज देशात दीडशेहून कमी माळढोक उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता दिसलाच तर एखादा एकटादुकटा.

लांडगा मात्र टिकून आहे. तो एका वेळी चार-पाच पिल्ले देतो, उसातही लपतो, मिळेल ते खातो. पण आणखी एक कारण आहे, ते म्हणजे धनगर. धनगराचा आणि लांडग्याचा माळ एकच. मेंढी गेली की धनगराचे खरेच नुकसान होते. तो कुत्री पाळतो, रात्री मेंढ्यांभोवती जाळी लावतो, जागरण करतो. तरीही अनेक धनगर एखादी मेंढी लांडग्याच्या वाट्याची म्हणून सोडून देतात आणि त्याच्या बिळावर विष घालत नाहीत. वनखाते नुकसानभरपाई देते, पण कागदपत्रे होईपर्यंत धनगराचा तळ पुढच्या गावी गेलेला असतो. ज्या गरीब माणसाच्या सहनशीलतेवर लांडगा जगतो आहे त्याला भरपाई वेळेवर मिळणे हे कुंपणापेक्षा महत्त्वाचे आहे. आता माळावर प्लॉट पडत आहेत, कारखाने येत आहेत. भटक्या कुत्र्यांकडून रोग येतो, आणि पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचेही तपासणीत आढळले आहे. धनगरही माळ सोडू लागला आहे. तो गेला की लांडग्याला सांभाळून घेणारे शेजारीही गेले.

सालिम अली १९८७ साली, वयाच्या ९० व्या वर्षी, मुंबईत वारले. एखादा जीव वाचवायचा तर तीन गोष्टी लागतात असे त्यांच्या जीवनातून दिसते. त्याला नीट ओळखावे लागते. ते त्यांनी किहिमला केले. त्याची जागा राखावी लागते; त्यासाठी ते भरतपूरला आणि माळढोकासाठी झगडले. त्या जागेवर पोट भरणाऱ्या माणसाला बरोबर घ्यावे लागते. हा धडा भरतपूरने फार मोठी किंमत घेऊन शिकवला आणि तो पुरा करणे आपल्या पिढीकडे आले आहे.

आपल्याकडे लांडगा नाही, पण सुगरण आहे. किहिमपासून खाली मुरूडपर्यंत वाड्या विकल्या जात आहेत, बंगले उठत आहेत, भातखाचरे भरली जात आहेत. खाचर गेले की खोप्याला पात मिळत नाही. आपल्याच जिल्ह्यातले फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान; १९८६ साली ते अभयारण्य झाले. मुलांना तिथे एकदा जरूर न्यावे. आणि येत्या पावसाळ्यात आपल्या वाडीतल्या ताडावर किंवा शिंदीवर खोपे दिसले, तर पिल्ले उडून जाईपर्यंत त्या झाडाला कोयता लावू नये. ज्याची वाडी नाही त्याने निदान थोडा वेळ खाली उभे राहून पाहावे. नर कोणता, मादी कोणती, कुठला खोपा पसंत पडला आणि कुठला नाही, हे घरी येऊन मुलांनी वहीत लिहावे. सालिम अलींची सुरुवात अशाच वहीने झाली होती.